ढील कुठे संपली ते बघा

येवल्यात संक्रांतीला पंच लागत नाही. धाब्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही पोराला विचारा, कोणी कोणाचा पतंग काटला ते तो सांगेल. तो सांगायच्या आत शेजारच्या धाब्यावर हलकडी वाजायला लागलेली असते. मी त्या गावात मांज्याची आसारी धरायला शिकलो. त्यामुळे पतंगाच्या स्पर्धेत खुर्च्या मांडून, क्लिपबोर्ड घेऊन बसलेली माणसं पहिल्यांदा बघितली तेव्हा मला हसूच आलं होतं. आता त्यातल्या एका खुर्चीवर मी बसतो.

ही खुर्ची न्यू जर्सीतल्या वाइल्डवुडच्या किनाऱ्यावर असते. मे महिन्याच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या सुट्टीत, तिथे आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो आणि त्यातच पूर्व किनाऱ्याच्या स्टंट पतंगांच्या स्पर्धा होतात. पतंग आपला कागदी चौकोनी नव्हे. कार्बनच्या काड्या, रिपस्टॉप कापड, अडीच मीटरच्या आसपास पंख, आणि वजन एखाद्या मोठ्या आंब्याइतकं, तीनशे ग्रॅमच्या आगेमागे. दोन दोऱ्या, प्रत्येक पंचवीस ते चाळीस मीटर, एकेका हातात एकेक. उजवी ओढली की उजवीकडे वळतो. मांजा नाही, काटाकाटी नाही. उलट या दोऱ्या इतक्या गुळगुळीत असतात की संघातल्या दोन पतंगांच्या दोऱ्यांना एकमेकींचे चार-पाच पीळ बसले तरी दोन्ही पतंग व्यवस्थित हाकता येतात. कोणीच कटत नसल्यामुळे कोण जिंकलं हे कोणीतरी बसून ठरवावं लागतं.

स्पर्धेचे ठळक प्रकार दोन. एकात ठरवून दिलेल्या आकृत्या आकाशात काढायच्या. उडवणारा ‘इन’ म्हणून ओरडतो तिथे आकृती सुरू, ‘आउट’ म्हटलं की संपली. दुसऱ्यात संगीतावर नाच. याशिवाय फ्रान्सकडून आलेली ‘ट्रिक्स पार्टी’ असते, तिथे नुसत्या कसरतीच. अमेरिकन काइटफ्लायर्स असोसिएशन १९६४ पासूनची. तिने, युरोपच्या ‘स्टॅक’ने आणि जपानच्या संघटनेने मिळून एकच नियमपुस्तक केलं, म्हणून वाइल्डवुडला बसलेला पंच फ्रान्सच्या बर्कच्या किनाऱ्यावरही बसू शकतो. रेघ सरळ आली की वाकडी, हे सांगायला फारसं शिकावं लागत नाही. कसरत एका सेकंदात होऊन जाते, आणि तिचा न्याय करायला मला जे शिकावं लागलं ते पुढे देतो आहे. क्रम महत्त्वाचा नाही. फक्त दुसरा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे.

१. पतंग कुठल्या अंगावर आहे ते आधी ओळखा.

नावं पाठ करायला नवे पंच फार घाई करतात. एक्सेल, फेड, टर्टल, लेझी सुझन, बॅकस्पिन, यो-यो, कॅस्केड. यादी लांब आहे आणि दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी तिच्यात भर घालतं. नावं नंतर येतात. आधी दोनच प्रश्न विचारायचे: ज्या बाजूला दोऱ्या बांधल्या आहेत ते पोट वर आहे की खाली, आणि नाक उडवणाऱ्याकडे आहे की त्याच्यापासून लांब? पतंग पाठीवर पडलाय आणि नाक पलीकडे आहे, तो टर्टल. पाठीवरच पडलाय पण नाक आपल्याकडे आहे, तो फेड. टर्टलमध्ये पडल्या पडल्या एक पूर्ण गिरकी घेतली तर लेझी सुझन, फेडमध्ये घेतली तर बॅकस्पिन. इतकं डोळ्यांत बसलं की निम्मी यादी आपोआप सुटते, आणि कोणी अनोळखी कसरत केली तरी पंच गांगरत नाही. नाव माहीत नसलं म्हणून काय झालं? तो कुठून निघाला, कशावर पडला, कसा उठला, हे दिसलं म्हणजे पुरे.

२. ढील कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, ते बघा.

हे मला येवल्याने शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. आपला पतंग खेचला की कमान वाकते आणि तो नाकासमोर सरळ निघतो. ढील दिली की जागच्या जागी गरगरतो. पेच खेळणाऱ्याचं सगळं कसब या दोन गोष्टींच्या मधल्या क्षणात असतं. दोन दोऱ्यांच्या पतंगाची रचना वेगळी, पण कसरतीचं मर्म तेच. दोऱ्या ताणलेल्या असेपर्यंत तो विमानासारखा हाकला जातो. एक छोटा झटका देऊन दोन्ही हात पुढे सोडले की दोऱ्या सैल पडतात, आणि मग पतंग दोरीचं ऐकत नाही. झटक्याने दिलेल्या गतीवर आणि शेपटीकडच्या टोकाला लावलेल्या काही ग्रॅम वजनावर फिरतो. कसरत म्हणजे एवढाच मोकळा काळ. उडवणारा पतंग सोडून देतो आणि पुन्हा पकडतो.

म्हणून बघायचे ते दोन सांधे: सोडतानाचा आणि पकडतानाचा. गिरकी कशी दिसली हे प्रेक्षक बघतात. एक्सेल घ्या. पतंग नाक वर करून हवेत थांबतो, झटका बसतो, आडवा होतो आणि तव्यावरची भाकरी बोटांनी फिरवावी तसा जागच्या जागी एक फेरा घेऊन पुन्हा नाक वर करतो. सोडतानाच्या सांध्यात मी बघतो की तो खरंच थांबला होता का, की अजून वर चढत असतानाच झटका दिला. चढता पतंग फिरवला तर गिरकी घसरत जाते आणि कसरत आकाशात एका ठिकाणी राहत नाही. पकडतानाच्या सांध्यात बघतो की दोऱ्या परत ताणल्या गेल्या त्या क्षणी नाक कुठे होतं, आणि त्यानंतर हाताला आणखी काही करावं लागलं का. या शेवटच्या गोष्टीला मी माझ्यापुरतं ‘दुसरा झटका’ असं नाव दिलं आहे. कसरत चांगली झाली असेल तर ताण परत येताच पतंग ठरलेल्या दिशेने निघतो. नसेल तर उडवणारा एक बारीकसा दुसरा झटका देऊन त्याला सरळ करतो. प्रेक्षकांना तो कधी दिसत नाही. मला दिसला की गुण उतरतात, गिरकी कितीही देखणी असो.

कसरतींची साखळी असेल तर हे आणखी कठीण होतं, कारण एकीचा पकडायचा सांधा हाच पुढचीचा सोडायचा सांधा असतो. कॅस्केडमध्ये पतंग डावीकडे अर्धी गिरकी, उजवीकडे अर्धी, पुन्हा डावीकडे, असा उतरत येतो. ताण येतो तो पापणी लवेपर्यंतच. इथे मी गिरक्या मोजत नाही. डावीकडची आणि उजवीकडची झेप सारखी आहे का, दोन गिरक्यांमध्ये उतरलेली उंची सारखी आहे का, एवढंच बघतो. उजव्या हाताचा माणूस दमला की डावीकडच्या झेपा आखूड व्हायला लागतात. तिथे कळतं की साखळी आता त्याच्या ताब्यात नाही, तो तिच्या ताब्यात आहे.

यो-योबद्दलही हेच. पतंग स्वतःभोवती उलटून दोऱ्या पंखांच्या कडेवर गुंडाळून घेतो, तसाच उडत राहतो, मग उलट फिरून सोडवतो. किती वेढे घेतले ते मोठ्याने मोजणारे प्रेक्षक असतात. मोजू द्यावं त्यांना. गुंडाळलेल्या अवस्थेत तो सरळ रेषेत उडतो का आणि सुटल्यावर पहिल्याच क्षणी स्थिर होतो का, हे पंचाचं काम.

३. आडवेपणा उंचीप्रमाणे बदलतो.

पुस्तकात लिहिलंय की गिरकी आडवी हवी. पण आडवा पतंग दिसतो कसा? पंच उडवणाऱ्याच्या मागे बसतात. पतंग जमिनीपासून थोडाच वर असेल तर आडवा झाल्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो, कापडाची एक बारीक रेघ तेवढी उरते. तोच पतंग डोक्याच्या वर उंच असताना तितकाच आडवा झाला तर खालून त्याचं पूर्ण पोट किंवा पाठ दिसते, आणि नवख्या पंचाला वाटतं की हा तिरका आहे. खाली मात्र पतंगाचं कापड रुंद दिसलं तर तो खरोखर तिरका आहे. उंच केलेल्या कसरतीला कमी आणि खालच्या कसरतीला जास्त गुण देणारे पंच मी पाहिले आहेत. पक्षपात करायची त्यांची इच्छा नसते, कोन त्यांच्याकडून करवून घेतो. त्यावर उपाय एकच. सराव चालू असताना मैदानात जाऊन बसायचं आणि एकच कसरत एकाच माणसाकडून आकाशाच्या वेगवेगळ्या भागांत करून घ्यायची. उडवणारे हौशी असतात, नाही म्हणत नाहीत.

४. हातांकडे बघू नका.

शिकताना बघा, हवं तितकं बघा. झटका मनगटातून आला की कोपरातून, पाय पुढे टाकून ढील दिली की हात लांबवून, यातून कसरत कळते. पण गुण द्यायला बसलात की नजर फक्त पतंगावर. हात बघितले की माणसाला काय करायचं होतं ते कळतं, आणि एकदा ते कळलं की जे झालं नाही तेही डोळ्यांना झालेलं दिसतं. आमच्या मुख्य पंच बाई म्हणायच्या, वाळूत उभा असलेला माणूस स्पर्धेत नाहीये असं समज.

कानांवरही विसंबू नये. वारा आपल्याकडून पतंगाकडे वाहत असतो. कापडाचा आवाज आपल्यापर्यंत धड पोचत नाही. जो पोचतो तो प्रेक्षकांच्या टाळ्यांचा असतो, आणि टाळ्या खालच्या कसरतीला पडतात. वाळूपासून हातभर उंचीवर केलेली साधी कसरतही थरारक वाटतेच.

५. अर्धवट अवघड आणि पूर्ण सोपं.

यावर पंचांची जेवणं थंड होतात. एकाने अवघड साखळी घेतली, तीनातल्या दोन जमल्या, तिसरी सांडली. दुसऱ्याने एकच फेड धरला, पण असा धरला की पतंग पाठीवर पडून आकाशात निजल्यासारखा राहिला आणि संगीत थांबलं तिथेच उठला. जास्त गुण कोणाला? माझं मत स्पष्ट आहे: दुसऱ्याला. आखणीचे गुण वेगळे आहेत, तिथे पहिल्याला त्याच्या धाडसाचं माप जरूर मिळावं. पण सफाईच्या रकान्यात धाडसाला जागा नाही. धाडसाचे गुण दोन्ही रकान्यांत दिले तर पुढच्या वर्षी सगळेच अवघड कसरती सांडायला येतात, आणि फेड धरणारा घरी बसतो.

अर्थात फेड धरणं सोपं आहे असं समजणाऱ्याने तो एकदा धरून बघावा.

६. ती कसरत होती की अपघात, हे जागेवरून ठरवा.

पंखाच्या टोकाला दोरी अडकते, पतंग कोलमडतो, चांगला उडवणारा त्याला एका गिरकीत सोडवतो आणि प्रेक्षक वाहवा करतात. कधी कधी ती सुटकाच अख्ख्या नाचातली सगळ्यात सुंदर गोष्ट ठरते. तिला गुण द्यायचे का? मी विचारतो की हे इथे असायला हवं होतं का. संगीताचा टप्पा बदलला, आधीची हालचाल पूर्ण झाली होती, आणि पुढची तिथूनच निघाली, तर तो अपघात असला तरी मला तो सिद्ध करता येणार नाही, गुण त्याचे. उलट, एखादी ओळ अर्ध्यात तुटली आणि मग कितीही झकास काही घडलं, तरी तुटलेली ओळ तुटलेलीच.

७. वारा सगळ्यांना सारखा मिळत नाही, आणि त्याला तुम्ही काही करू शकत नाही.

वाइल्डवुडचा किनारा अतिशय रुंद आहे. समुद्रावरून वारा आला तर गुळगुळीत येतो. पश्चिमेचा आला तर बोर्डवॉकवरची दुकानं आणि मागची हॉटेलं ओलांडून, धक्के खात येतो. सकाळी उडवणाऱ्याला एक मिळतो, दुपारच्याला दुसरा. ढील द्यायच्या कसरतींना मंद वाऱ्यात वेळ मिळतो, पण उठताना बळ कमी पडतं. जोरात असला तर उठणं सोपं, पण सैल दोरी धरायला वारा वेळच देत नाही. पंचाला हे सगळं कळलं पाहिजे, आणि तरीही गुण पतंगाने जे केलं त्यालाच द्यायचे असतात. ‘बिचाऱ्याला वारा वाईट मिळाला’ म्हणून दोन गुण वाढवले की ते दोन गुण दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून जातात.

ज्यांना वाऱ्याची सबब नकोच असेल त्यांनी तिथल्याच कन्व्हेन्शन सेंटरमध्ये होणारी बंद दालनातली स्पर्धा बघावी. वारा शून्य. काही मीटरच्या दोऱ्या, पिसासारखा हलका पतंग, आणि उडवणारा मागे मागे चालत स्वतःच त्याला वारा घालतो. पतंग त्याच्या डोक्यावरून पलीकडे जातो आणि मागून उतरतो. तिथे प्रत्येक कसरत सावकाश घडते, पंचाला काहीच निसटत नाही, आणि उडवणाऱ्याला काहीच लपवता येत नाही.

८. पहिल्या स्पर्धकाला वरचे गुण देऊ नका.

गुण शंभरपैकी. पहिला माणूस चांगला उडवून गेला आणि तुम्ही भारावून जाऊन वरचा आकडा लिहिलात की त्याच्यापेक्षा चांगल्या तिघांना बसवायला जागा उरत नाही. हे मराठी शाळेतल्या निबंध तपासणाऱ्या प्रत्येक बाईंना ठाऊक असतं.

आणि लिहिताना खाली बघू नका. मी बारीक खुणा करतो, कागदाकडे न बघता. माझ्याशिवाय कोणाला त्या वाचता येत नाहीत.

९. ओळखीच्या माणसाचं काय करायचं?

हे जग लहान आहे. स्पर्धक, पंच, मैदानावर दोऱ्या आवरणारे, सगळे एकमेकांना ओळखतात. शनिवारचा पंच रविवारी स्वतः उडवतो. ज्यांनी मला एक्सेल शिकवला त्यांना गुण द्यायची वेळ माझ्यावर आली. मुख्य पंच बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, इथे ज्याला कोणी शिकवलं नाही असा पंच मला आणून दाखव. खरं आहे. मी त्यानंतर एक पथ्य पाळतो: गुण लिहिल्यावर शेजारच्या पंचाशी बोलत नाही, आणि कागद दिल्याशिवाय स्पर्धकाशी बोलत नाही. कागद दिल्यावर मात्र खुशाल बोलावं. हरलेला माणूस येऊन विचारतो, माझं काय चुकलं? त्याला ‘छान होतं, थोडक्यात गेलं’ असं सांगणं हा अपमान आहे. दुसरा झटका कुठे दिसला, डावीकडची झेप कुठे आखूड झाली, एवढं सांगितलं की तो नमस्कार करून जातो. निदान बहुतेक जण करतात.

१०. टोपी बांधून घ्या.

दोरी असलेली. आणि काळा चष्मा. सूर्य पतंगामागे आला की दोन सेकंद पतंग नाहीसा होतो, आणि चलाख उडवणारे नेमकी तीच जागा नको ती कसरत करायला निवडतात असा माझा संशय आहे. मुख्य पंचांनी सकाळीच सूर्य बघून मैदानाची दिशा ठरवली तर प्रश्न येत नाही. पण वारा कधी कधी दुसरी दिशा शिल्लकच ठेवत नाही.

न्यू जर्सीतल्याच एडिसनकडून वाइल्डवुड गाडीने दोनेक तासांवर आहे, आणि मेच्या अखेरीस किनाऱ्यावर जायला तिकीट लागत नाही. मराठी मंडळींनी यावं असं मला फार वाटतं, मुलांना घेऊन. आल्यावर बाजूच्या दोरखंडाशी उभे राहू नका, पंचांच्या खुर्च्यांच्या मागे उभे राहा. कसरत तिथूनच कळते. आवडलं तर मुख्य पंचांना गाठून विचारा. आकडे उतरवून घ्यायला आणि मैदानाच्या कडेला उभं राहायला तिथे माणसं नेहमी कमी पडतात, आणि त्या कामाला पतंग उडवता यावाच लागतो असं नाही.